पिवळ्या वाड्यातील तीन लेकी

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे आमालिएगेड नावाचा एक रस्ता आहे. राजवाड्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर या रस्त्यावर १८ क्रमांकाची पिवळ्या रंगाची एक इमारत उभी आहे. लोक तिला पिवळा वाडा म्हणतात. अठराव्या शतकात एका व्यापाऱ्यासाठी बांधलेली ही हवेली पुढे राजघराण्याकडे आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे ग्लुक्सबर्ग घराण्यातील राजपुत्र ख्रिश्चन आणि त्याची पत्नी लुईझ यांचा संसार थाटला गेला. नाव राजपुत्राचे, उत्पन्न मात्र लष्करी अधिकाऱ्याच्या पगाराचे. पदरी सहा मुले. मुली आपले कपडे स्वतः शिवत आणि माळ्यावरच्या एका खोलीत एकत्र झोपत. परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन अधूनमधून येऊन या मुलांना गोष्टी वाचून दाखवी.

या मुलांपैकी तिघी मुली. अलेक्झांड्राचा जन्म १८४४ चा, डॅगमारचा १८४७ चा आणि थायराचा १८५३ चा. थोरली इंग्लंडची राणी झाली, मधली रशियाची सम्राज्ञी, आणि धाकटीच्या वाट्याला आला तो राज्य गमावलेल्या घराण्याचा वारस. पुढे ख्रिश्चनला 'युरोपचा सासरा' म्हणू लागले. हे बिरुद कौतुकाचे असले, तरी त्यातून मुलींची बाजू दिसत नाही.

मुळात ख्रिश्चनला राज्य मिळाले तेच पत्नीच्या नात्याने. डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक सातवा निपुत्रिक होता आणि लुईझ ही त्याची आतेबहीण. वारसाहक्काची साखळी लुईझच्या आईकडून तिच्याकडे येत होती. १८५१ च्या सुमारास आई, भाऊ आणि स्वतः लुईझ यांनी आपले हक्क सोडून ते ख्रिश्चनच्या बाजूला वळते केले. १८५२ साली लंडनमध्ये युरोपच्या प्रमुख सत्तांनी त्याला वारस म्हणून मान्यता दिली. कागदावर राजा ठरला तो पती. त्यामागे हक्कसोड होती ती दोन स्त्रियांची. लुईझ ही चाणाक्ष बाई होती. सैन्य लहान, खजिना बेताचा, शेजारी बलाढ्य. अशा घरात मुलांच्या सोयरिकी हेच भांडवल, हे तिने पुरते ओळखले होते.

इकडे इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरिया आपल्या थोरल्या मुलासाठी, युवराज एडवर्डसाठी, स्थळे पाहत होती. डेन्मार्कचे स्थळ तिला मनापासून पसंत नव्हते. श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन प्रांतांवरून डेन्मार्क आणि जर्मन संस्थाने यांच्यात जुना वाद होता, आणि व्हिक्टोरियाचे सारे गणगोत जर्मन. शिवाय तिची थोरली मुलगी व्हिकी प्रशियाच्या युवराजाला दिलेली. गंमत अशी की अलेक्झांड्राचे नाव पुढे केले ते याच व्हिकीने. सप्टेंबर १८६१ मध्ये जर्मनीतील श्पायर येथील कॅथेड्रलमध्ये 'सहज' भेट घडवून आणण्यात आली. आपल्याकडे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम देवळात योजतात, त्यातलाच हा प्रकार. पुढल्या वर्षी बेल्जियममध्ये वाङ्‌निश्चय झाला आणि १० मार्च १८६३ रोजी विंडसरच्या चर्चमध्ये विवाह. वधू अठरा वर्षांची होती. वैधव्याच्या काळ्या वेषातील सासू वरच्या सज्जातून सोहळा पाहत होती.

त्या एका वर्षात पिवळ्या वाड्याचे नशीब पालटले. लग्नाला तीन आठवडे होतात न होतात तोच अलेक्झांड्राचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ विल्यम याची ग्रीसच्या राजेपदी निवड झाली. 'जॉर्ज' हे नाव घेऊन तो अथेन्सला गेला. १५ नोव्हेंबरला फ्रेडरिक सातव्याच्या मृत्यूनंतर वडील ख्रिश्चन नववा म्हणून गादीवर बसले. मुलगी युवराज्ञी, मुलगा राजा आणि सर्वांत शेवटी बाप राजा, असा तो उलटा क्रम.

आणि लगेच परीक्षेची घडी आली. फेब्रुवारी १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा डेन्मार्कवर चालून आल्या. अलेक्झांड्राचा पहिला मुलगा त्याच जानेवारीत दिवस भरण्यापूर्वीच जन्मला होता. बाळंतिणीच्या खोलीत माहेरच्या पराभवाच्या बातम्या येत होत्या. इंग्लंडमध्ये सामान्य लोकांची सहानुभूती डेन्मार्कला होती, युवराज उघडपणे बायकोच्या बाजूने बोलत होता. पण सासूचा कल जर्मनीकडे आणि मंत्रिमंडळाची युद्धाला तयारी नाही. इंग्लंडचे एकही जहाज हलले नाही. एप्रिलमध्ये ड्युब्बोलची तटबंदी पडली. ऑक्टोबरच्या व्हिएन्ना तहाने श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे तिन्ही प्रांत गेले. राजाच्या सत्तेखालील प्रदेशाचा आणि लोकसंख्येचा सुमारे दोन-पंचमांश भाग एका वर्षात हातचा गेला.

त्याच सप्टेंबरात डॅगमारचा वाङ्‌निश्चय रशियाचा युवराज निकोलस याच्याशी झाला. सोळा वर्षांच्या या मुलीने होणाऱ्या सासऱ्याला, म्हणजे सम्राट दुसऱ्या अलेक्झांडरला, पत्र लिहून आपल्या वडिलांसाठी मदत मागितली. रशियानेही काही केले नाही. व्यापारी घरांत सोयरिकीने पत वाढते, हे खरे. पण सोयऱ्याची पत ही काही मागताक्षणी वटणारी हुंडी नव्हे. राज्यांच्या बाबतीत तर ती मुदतीनंतरही वटत नाही, हे पिवळ्या वाड्याने पहिल्याच वर्षी पाहिले. अलेक्झांड्राने मात्र ही जखम आयुष्यभर जपली. १८९० साली इंग्लंडने उत्तर समुद्रातील हेलिगोलँड हे बेट जर्मनीला देऊ केले, तेव्हा या बेटाचे लष्करी मोल दाखवून तिने विरोध केला. राजकारणात तिचे म्हणणे क्वचितच कोणी ऐकले. पहिल्या महायुद्धात हेलिगोलँड हा जर्मन आरमाराचा तळ झाला, तेव्हा तिचे बोल खरे ठरले.

डॅगमारची कथा याहून करुण. निकोलसची प्रकृती ढासळत गेली. एप्रिल १८६५ मध्ये फ्रान्समधील नीस येथे त्याने प्राण सोडला. वय एकवीस. मृत्यूशय्येजवळ डॅगमार आणि निकोलसचा धाकटा भाऊ अलेक्झांडर असे दोघेही होते. सासरच्यांना ही मुलगी गमवायची नव्हती आणि डेन्मार्कला हे स्थळ. पुढल्या वर्षी अलेक्झांडर कोपनहेगनला आला आणि त्याने तिला मागणी घातली. ज्याला दीर म्हणून ओळखायचे तोच पती झाला. सप्टेंबर १८६६ मध्ये ती जहाजाने निघाली. त्या जहाजाचे नाव 'श्लेस्विग', दोन वर्षांपूर्वी हातातून गेलेल्या प्रांताचे. धक्क्यावरील गर्दीत वृद्धत्वाकडे झुकलेला अँडरसन उभा होता. जाता जाता तिने त्याचा हात हातात घेतला, आणि परक्या देशात निघालेल्या त्या पोरीकडे पाहून त्याला भरून आले.

रशियात तिने धर्म बदलला, भाषा बदलली, नावही बदलले. डॅगमारची मारिया फ्योदोरोव्हना झाली. तरीही हा संसार सुखाचा ठरला. सहा फूट तीन इंच उंचीचा, फारसा न बोलणारा अलेक्झांडर तिच्याशी एकनिष्ठ राहिला. त्या काळच्या राजघराण्यांत ही गोष्ट विरळाच. इंग्लंडमधील थोरल्या बहिणीला हे सुख नव्हते. युवराज एडवर्डच्या भानगडी सर्वश्रुत होत्या. १८६७ मधील संधिवाताच्या तापाने अलेक्झांड्राचा पाय कायमचा अधू झाला आणि आईकडून आलेले बहिरेपण वाढत गेले. दरबारात गप्पा रंगत असताना ती हसतमुखाने बसे, पण त्यातले फारसे काही तिच्या कानी पडत नसे.

मुंबईचा आणि तिचा संबंधही याच काळातला. १८७५ च्या नोव्हेंबरात एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यासाठी मुंबईत उतरला आणि त्याच्या हस्ते प्रिन्सेस डॉकची पायाभरणी झाली. अलेक्झांड्राला या प्रवासाला यायचे होते. तिला नेण्यात आले नाही, आणि ती खंत तिने दीर्घकाळ बाळगली. जी स्वतः मुंबईला कधीच आली नाही, तिचे नाव मात्र शहरात आधीच पोहोचले होते. तिच्या लग्नाच्याच वर्षी, १८६३ मध्ये, माणेकजी खरशेटजी यांनी काढलेल्या मुलींच्या इंग्रजी शाळेला अलेक्झांड्राचे नाव देण्यात आले. १९१४ साली खुली झालेली अलेक्झांड्रा गोदी पुढे इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईतील कित्येक पेढ्यांचा माल या गोदीतून उतरला असेल.

दोघी बहिणींना बांधून ठेवणारी जागा होती फ्रेडेन्सबोर्ग. कोपनहेगनच्या उत्तरेला असलेल्या या वाड्याच्या नावातच 'शांती' आहे. उन्हाळा सरत आला की साऱ्या लेकी, जावई, नातवंडे येथे जमत. आपल्याकडे दिवाळीला लेकी माहेरी येतात, तसाच हा सण. रशियाचा सम्राट येथे मुलांना पाठीवर घेऊन धावे. त्याच्या बापाचा १८८१ साली बॉम्बने बळी घेतला होता. मायदेशी तो पहाऱ्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू शकत नसे. सासुरवाडीला मात्र जरा मोकळा श्वास घेता येई. राजकारण बोलायचे नाही असा या घराचा शिरस्ता होता, तरी जर्मनीचा पंतप्रधान बिस्मार्क या मेळाव्यांकडे संशयानेच पाही. पाहुण्यांनी हिऱ्याच्या टोकाने खिडक्यांच्या काचांवर आपली नावे कोरली आहेत. ती आजही तेथे आहेत. लाउरिट्स टुक्सेन या चित्रकाराने १८८६ साली पूर्ण केलेल्या भव्य चित्रात हा सारा गोतावळा एका दालनात दिसतो.

डॅगमारच्या मनात माहेर किती होते, याची साक्ष एका दागिन्यात मिळते. जवाहिराच्या धंद्यात असलेल्या वाचकांना फाबेर्जे हे नाव परिचित असेल. १८८५ पासून अलेक्झांडर दर ईस्टरला पत्नीला या पेढीने घडवलेली रत्नजडित अंडाकृती पेटी भेट देई. प्रत्येकीच्या पोटात काही नवल दडलेले असे. १८९० च्या गुलाबी मिन्याच्या पेटीतून निघाला दहा पाखांचा इवलासा घडीचा पडदा. त्याच्या पाखांवर शिंपल्यावर रंगवलेली चित्रे होती. त्यांत आमालिएनबोर्ग, फ्रेडेन्सबोर्ग, बेर्नस्टोर्फ असे माहेरचे वाडे होते. चोवीस वर्षे झाली तरी पत्नीला काय आवडेल हे त्या अबोल माणसाने बरोबर हेरले होते.

१ नोव्हेंबर १८९४ रोजी क्रिमियातील लिवाडिया येथे अलेक्झांडरचा मृत्यू झाला. वय अवघे एकोणपन्नास. अलेक्झांड्रा तातडीने लंडनहून निघाली. वाटेत व्हिएन्नाला मृत्यूची तार मिळाली. नंतरचे काही आठवडे ती बहिणीजवळ राहिली, रात्री तिच्याच खोलीत झोपली. पन्नाशीकडे झुकलेल्या त्या दोघी पुन्हा माळ्यावरच्या खोलीतील बहिणी झाल्या. आईबाप गेल्यानंतर माहेर उरावे म्हणून १९०६ साली दोघींनी मिळून कोपनहेगनजवळ समुद्रकाठी विद्‌ओरे नावाचा बंगला विकत घेतला. दोन साम्राज्यांच्या राजमाता आणि राण्या असलेल्या या बायकांनी भागीदारीत घेतलेली ही एकमेव वास्तू.

थायराचे नाव या गोष्टीत मागे पडते, आणि तीही पुढे येणारी नव्हती. १८७८ साली तिचा विवाह हॅनोव्हरच्या राजपुत्र अर्न्स्ट ऑगस्टशी झाला. हॅनोव्हरचे राज्य १८६६ मध्येच प्रशियाने गिळले होते. पुढे प्रशियाने या घराण्याचा मोठा निधीही अडकवून ठेवला आणि त्याचे उत्पन्न बिस्मार्क वृत्तपत्रांना गुप्तपणे पोसण्यासाठी वापरीत असे. दुसऱ्याच्या पैशाच्या व्याजावर आपली स्तुती छापून घेण्याची ही कल्पना अस्सल बिस्मार्की म्हणावी लागेल. १८९२ मध्ये कुठे हे उत्पन्न मोकळे झाले. थायरा ऑस्ट्रियातील ग्मुंडेन येथे सरोवराकाठी शांतपणे संसार करीत राहिली. १९१२ साली तिचा थोरला मुलगा डेन्मार्कच्या राजाच्या, म्हणजे आपल्या मामाच्या, अंत्ययात्रेला निघाला असता जर्मनीत मोटार अपघातात गेला. कैसर विल्हेल्मने आपल्या मुलांना त्याच्या शवाजवळ मानवंदनेसाठी पाठवले. थायराचा धाकटा मुलगा आभार मानायला बर्लिनला गेला आणि तेथे कैसरच्या एकुलत्या एक मुलीशी त्याची गाठ पडली. २४ मे १९१३ रोजी त्यांचे लग्न झाले, जवळजवळ पन्नास वर्षांचे वैर मिटले. लग्नाला इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा दुसरा निकोलस दोघेही हजर होते. ते दोघे नवरदेवाचे मावसभाऊ. जॉर्ज आणि कैसर हे मामे-आतेभाऊ. तिन्ही सम्राट एकत्र आले ते शेवटचेच. सव्वा वर्षाच्या आत युरोप युद्धात होता.

युद्धाने आणि क्रांतीने हिशेब उलटापालटा केला. मार्च १९१७ मध्ये निकोलसने राज्यत्याग केला. त्याला आसरा देण्याची तयारी ब्रिटिश सरकारने आधी दाखवली. मग जॉर्जनेच पाय मागे घेतला. आपल्याच देशात मजूर चळवळीचा रोष ओढवेल आणि आपलेही सिंहासन डळमळेल, ही भीती होती. जॉर्ज आणि निकोलस दिसायला इतके सारखे की जवळचे लोकही फसत. १८६४ मध्ये इंग्लंडने माहेरासाठी जे केले नाही, ते १९१७ मध्ये मावशीच्या मुलासाठीही केले नाही. जॉर्जला दोष देणे सोपे आहे. त्याच्यासमोर राज्य आणि नाते अशी दोन खाती होती आणि त्याने राज्याचे सांभाळले. जुलै १९१८ मध्ये निकोलस, त्याची पत्नी आणि पाचही मुले मारली गेली. महिनाभर आधी डॅगमारचा धाकटा मुलगा मायकेल मारला गेला होता. तिच्या चार मुलांपैकी आता एकही उरला नव्हता.

ती स्वतः क्रिमियात होती. येथे मात्र बहिणीचे नाते कामी आले. अलेक्झांड्राने मुलाच्या मागे लकडा लावला, आणि एप्रिल १९१९ मध्ये 'मार्लबरो' ही ब्रिटिश युद्धनौका तिला न्यायला आली. आपल्याबरोबर निघू इच्छिणाऱ्या इतर निर्वासितांना घेतल्याशिवाय जाणार नाही, अशी अट एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईने घातली आणि पाळून घेतली. बरोबर दागिन्यांची पेटी होती. फाबेर्जेच्या पेट्यांपैकी मात्र एकच, १९१६ ची साधी युद्धकालीन. माहेरच्या वाड्यांची ती गुलाबी पेटी रशियातच राहिली.

कोपनहेगनला तिचा भाचा दहावा ख्रिश्चन राजा होता आणि काटकसरी होता. एक गोष्ट अशी सांगतात: वीजबिल फार येते म्हणून त्याने एका रात्री नोकराला पाठवून दिवे कमी करायला सांगितले. तिने शांतपणे आपल्या माणसाला बोलावले आणि तळघरापासून माळ्यापर्यंत एकूण एक दिवा लावायला लावला. पुढे लंडनहून पाचव्या जॉर्जने तिला वर्षाला १०,००० पौंडांची नेमणूक बांधून दिली. ती विद्‌ओरेला राहू लागली. मुले मेली हे तिने लोकांसमोर कधीच मान्य केले नाही. १९२० साली उत्तर श्लेस्विग लोकांच्या मताने पुन्हा डेन्मार्कमध्ये आले, ते पाहायला ती होती. साठ वर्षांत तीन सोयरिकींनी जे साधले नाही, ते मतपेटीने साधले.

अलेक्झांड्रा नोव्हेंबर १९२५ मध्ये गेली. डॅगमार १३ ऑक्टोबर १९२८ रोजी विद्‌ओरेच्या बंगल्यात. तिची दागिन्यांची पेटी लंडनला नेण्यात आली, तेथे विक्री होऊन पैसा झेनिया आणि ओल्गा या तिच्या दोन मुलींना मिळाला. थायरा १९३३ मध्ये ग्मुंडेनला वारली. तिची नात फ्रेडेरिका पुढे ग्रीसची राणी झाली. या फ्रेडेरिकाच्या मुलाला, राजा कॉन्स्टंटाइनला, १९६४ साली डेन्मार्कची अठरा वर्षांची राजकन्या ॲन-मरी दिली. तीन वर्षांत ते जोडपे ग्रीस सोडून परागंदा झाले.

डॅगमारला डेन्मार्कच्या राजांच्या शेजारी, रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये विसावा मिळाला होता. तिची इच्छा मात्र पतीच्या शेजारी असण्याची होती. सप्टेंबर २००६ मध्ये डॅनिश आरमाराच्या 'एस्बर्न स्नारे' या जहाजावर तिची शवपेटी चढवण्यात आली आणि बाल्टिक समुद्रातून सेंट पीटर्सबर्गला नेण्यात आली. २८ सप्टेंबरला पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये अलेक्झांडरच्या शेजारी तिचे दफन झाले. 'श्लेस्विग' जहाजाने ती याच समुद्रातून पहिल्यांदा सासरी निघाली होती, त्याला बरोबर एकशे चाळीस वर्षे झाली होती.